छायाचित्र : प्रत कीं पाठ ?

(१)

छायाचित्रण ही कला आहे किंवा केवळ यंत्राची करामत आहे, हा वाद आतां दीडशें वर्षांहून जुना झाला. फ्रेंच कवि बोदलेर यानें १८५९ सालच्या पॅरिस येथील चित्रप्रदर्शनावर लिहितांना या नव्या विद्येस शास्त्रांची व कलांची दासी ठरविलें. लघुलेखन व मुद्रण यांनीं जसें वाङ्मय निर्माण केलें नाहीं, तसें हिनेंही कलेच्या गाभाऱ्यांत शिरूं नये, असा त्याचा आशय होता. उलटपक्षीं आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यानें न्यूयॉर्क येथून १९०३ पासून १९१७ पर्यंत ‘कॅमेरा वर्क’ हें त्रैमासिक चालवून छायाचित्रास चित्राच्या व शिल्पाच्या पंक्तीस बसविण्याचा उद्योग केला. या वादांत अखेर स्टीग्लिट्झच्या पक्षास जय मिळाला, हें मोठमोठ्या चित्रसंग्रहालयांच्या भिंतींवरूनच दिसतें.

परंतु जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या आपणां मंडळींत मात्र बोदलेरचाच पक्ष अद्याप नांदतो आहे. आपण छायाचित्रास दासी मानतों, आणि दासी खोटें सांगणार नाहीं असें धरून चालतों. हस्तलिखित हातीं आलें कीं लेखक कोण, मातृका कोणती, लेखनकाल कोणता, पाठ शुद्ध कीं भ्रष्ट, असे दहा प्रश्न आपण विचारतों. छायाचित्र हातीं आलें कीं ‘हें पाहा’ एवढें म्हणून मोकळे होतों. बखरीवर इतका अविश्वास आणि फोटोवर इतका विश्वास, हा न्याय कोणता ?

प्रस्तुत लेखकाचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. छायाचित्र ही वस्तूची प्रत नव्हे. तो वस्तूचा एक पाठ होय. थोर छायाचित्रकारांची कला हा पाठ सिद्ध करण्यांत आहे. म्हणून त्यांच्या कृतींसही आपण पोथ्यांस लावतों तीच चिकित्सा लावली पाहिजे. तसें केल्यानें त्यांची कला उणी ठरत नाहीं, उलट अधिक कळते. आणि इतिहासाचें प्रमाणही अधिक पक्कें होतें. पुढें कांहीं सुप्रसिद्ध कृति घेऊन हें पाहूं.

(२)

या विद्येच्या जनकांपैकीं एक जण तर आपल्याच जातकुळीचा आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें दागेरची पद्धति जाहीर झाली. तींत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. तें अत्यंत रेखीव असे, परंतु एकुलतें एक. त्यावरून प्रती छापतां येत नसत. इंग्लंडांतील हेन्री फॉक्स टॅल्बट याची रीति निराळी होती. तो आधीं कागदावर उलटें चित्र घेई, ज्यांत उजेडाच्या जागीं काळोख व काळोखाच्या जागीं उजेड असे. आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती छापी. या उलट्या चित्रासच पुढें निगेटिव्ह हें नांव रूढ झालें. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर दागेरनें ताम्रपट दिला आणि टॅल्बटनें मातृका दिली.

हाच टॅल्बट असुरियाच्या बाणाकृति लिपीचाही वाचक होता. १८५७ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें एका प्राचीन लेखाचीं भाषांतरें चार विद्वानांकडून स्वतंत्रपणें मागवून तीं ताडून पाहिलीं. त्या चौघांत रॉलिन्सन, हिंक्स व ओपर्ट यांच्या जोडीस टॅल्बट होता. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४-४६) या त्याच्या ग्रंथांत २४ छायाचित्रें आहेत. त्यांपैकीं एक एका जुन्या मुद्रित पानाचें असून, पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस हा उपयोग मोठा हितकर होईल असें त्यानें तेथें सुचविलें आहे. म्हणजे पोथीचें छायाचित्र घेण्याची कल्पना ही या विद्येइतकीच जुनी आहे.

मात्र मातृका आली कीं उतारे आले, आणि उतारे आले कीं पाठभेद आलेच. शिवाय प्रत्येक लेखकूच्या कांहीं सवयी असतात. कोणी ब आणि व यांत भेद करीत नाहीं, कोणी अनुस्वार गाळतो. त्या सवयी ओळखल्याखेरीज पोथी वाचतां येत नाहीं. कांचेच्याही अशाच सवयी आहेत. १८५१ पासून कांचेवर ओलें कोलोडियन ओतून चित्र घेण्याची रीति प्रचारांत आली. त्या कांचेस निळा उजेड तेवढा दिसे. तांबडा व पिवळा दिसत नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत निळें आकाश कोरें पांढरें येतें आणि तांबडें वस्त्र काळें येतें. पुढें कोरड्या कांचा आल्या, तरी साध्या कांचांचा तांबड्याविषयींचा हा आंधळेपणा बराच काळ टिकला. तात्पर्य, जुन्या छायाचित्रांत पागोटें काळें दिसलें म्हणून तें काळें होतें असें म्हणतां येत नाहीं. हा लेखकूचा दोष आहे, मूळ वस्तूचा गुण नव्हे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लेखाच्या शेवटीं तिचें काम पडणार आहे.

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यानें या कोऱ्या आकाशावर एक उपाय काढला. समुद्राचें चित्र एका कांचेवर व ढगांचें दुसऱ्या कांचेवर घेऊन, दोन्ही मिळून तो एकच छाप काढी. १८५६-५७ च्या सुमाराचीं त्याचीं हीं सागरचित्रें पाहून लोक थक्क झाले, आणि तें योग्यच होतें. समुद्राची लाट व वरचा मेघ यांचें असें मीलन तोंवर कोणीं कागदावर पाहिलें नव्हतें. परंतु त्याच्या निरनिराळ्या सागरचित्रांवर कधीं कधीं तेच आकाश पसरलेलें आढळतें ! पाठचिकित्सेंत अशा कृतीस संमिश्र पाठ म्हणतात. कविता म्हणून तो उत्तम. त्या दिवशींच्या हवामानाचा पुरावा म्हणून निरुपयोगी.

आपल्या प्रांताचें एक उदाहरण येथेंच नमूद करावेसें वाटतें. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. वर्षानुवर्षें खपून त्यांनीं तैलरंगांत केलेल्या या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. त्याच गिल यांनीं वेरूळ-अजिंठ्याकडील लेण्यांचीं घेतलेलीं ७४ छायाचित्रें मात्र फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ सालीं ग्रंथरूपानें निघालेलीं होतीं. प्रती अनेक असल्यामुळें तीं राहिलीं. त्यांत लेण्यांची रचना आहे, शिल्प आहे, रंग नाहीं. जें चित्र रंग जाणत होतें तें गेलें, आणि जें रंगांविषयीं आंधळें होतें तें उरलें. पोथ्यांच्या इतिहासांतही असें किती वेळां घडलें आहे !

(३)

आतां पाठभेदाचा अगदीं शुद्ध नमुना घेऊं. रॉजर फेंटन हा इंग्रज, चित्रकलेचें व कायद्याचें शिक्षण घेतलेला, १८५५ सालीं क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला. मद्यविक्रेत्याची एक जुनी गाडी घेऊन तिचीच त्यानें अंधारी खोली केली होती. सुमारें ३६० चित्रें घेऊन तो परतला. त्यांपैकीं सेबास्तोपोलजवळच्या एका घळीचें, २३ एप्रिल १८५५ रोजीं घेतलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. सैनिकांनीं त्या घळीस मृत्युच्छायेची दरी असें बायबलांतील नांव दिलें होतें. चित्रांत माणूस नाहीं, घोडा नाहीं, प्रेत नाहीं. ओसाड उतार, मधून वळत गेलेली वाट आणि त्या वाटेवर विखुरलेले तोफगोळे, एवढेंच आहे.

परंतु या चित्राचा दुसरा पाठ उपलब्ध आहे. कॅमेरा त्याच जागीं, घळ तीच. फक्त वाटेवर गोळे नाहींत, ते कडेच्या चरांत पडलेले आहेत. दोहोंपैकीं आधींचें कोणतें ? सुसान साँटॅग यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत असें निःशंकपणें लिहिलें कीं, फेंटननें पहिलें चित्र मोकळ्या वाटेचें घेतलें व नंतर गोळे वाटेवर टाकवून दुसरें घेतलें. एरल मॉरिस या चित्रपटकारास हें ‘निःशंकपणें’ रुचलें नाहीं. कशावरून, असा प्रश्न विचारून तो स्वतः क्रिमियांत त्या घळीपर्यंत गेला. गोळे वाटेवरून उचलून चरांत टाकणें हेंही सैन्यास सोयीचेंच होतें. म्हणजे उलटा क्रमही संभवत होता. सावल्यांवरून निर्णय होईना. अखेरीस दोन्ही चित्रें बारकाईनें ताडतांना उतारावरचे कांहीं लहान दगड एका चित्रापेक्षां दुसऱ्यांत खालीं सरकलेले आढळले. माणसांच्या पायांनीं सुटलेला दगड खालीं जातो, वर जात नाहीं. ज्या चित्रांत दगड खालीं तें नंतरचें. आणि तेंच गोळे वाटेवर असलेलें चित्र होतें. साँटॅग यांचा निष्कर्ष क्रमापुरता बरोबर निघाला, परंतु तो सिद्ध झाला तो या दगडांमुळें. मुख्य मजकुराकडे न पाहतां समासांतील क्षुल्लक खुणांवरून पोथ्यांचा पूर्वापरभाव ठरविण्याची जी आपली रीति, तिचेंच हें दुसरें रूप होय. गोळे कोणाच्या हातानें व कोणत्या हेतूनें वाटेवर आले, हें मात्र दगड सांगत नाहींत. आणि दगड जें सांगत नाहींत तें आपणही सांगूं नये.

आतां रसिकाच्या दृष्टीनें पाहूं. दुसरें चित्र श्रेष्ठ आहे, याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं. मोकळी वाट ही केवळ वाट आहे. गोळ्यांनीं भरलेली वाट पाहणाऱ्याच्या पायांस थांबविते. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र पाहतो. तें उत्तम साधलेलें असूनही त्यास अपुरें वाटतें. मालिनी नदी, तिच्या वाळूंतील हंसांचें जोडपें, हिमालयाचे पायथे, हरणें, वल्कलें टांगलेला वृक्ष, हें सर्व अजून काढावयाचें आहे असें तो म्हणतो. ही पूर्णतेची ओढ कलावंताची आहे, लबाडाची नव्हे. फेंटन त्या दिवशीं त्या घळींत गोळ्यांच्या माऱ्यांत उभा होता. आपणांस जें जाणवलें तें मोकळ्या वाटेवर उमटलें नाहीं असें त्यास वाटलें असेल तर नवल नाहीं.

परंतु म्हणून पहिलें चित्र टाकून द्यावें काय ? त्याच नाटकांत अदृश्य राहून राजाची अवस्था पाहणाऱ्या अप्सरेचें नांव देवनागरी परंपरेंत सानुमती असें येतें व बंगाली परंपरेंत मिश्रकेशी असें येतें. तीस वर्षें वर्गांत हें नाटक शिकवितांना मीं एकच नांव सांगून दुसरें लपविलें, असें कधीं झालें नाहीं. सुकथनकरांनीं महाभारताच्या आदिपर्वाची संहिता १९३३ मध्यें पूर्ण केली, व भांडारकर संस्थेचें तें सर्व कार्य १९६६ मध्यें तडीस गेलें. त्या संहितेचें मोल वरच्या श्लोकांत जितकें आहे, तितकेंच प्रत्येक पानाच्या तळाशीं दिलेल्या पाठभेदांत आहे. फेंटनचें मोकळ्या वाटेचें चित्र हें असें तळटीपेंतील चित्र आहे. तें राहिलें म्हणून वरचें चित्र कसें घडलें हें आपणांस कळलें.

(४)

पाठभेद ही एक गोष्ट झाली. प्रक्षेप ही दुसरी. फेलिचे बिआतो हा १८५८ च्या आरंभीं हिंदुस्थानांत आला आणि त्या वसंतांत लखनौ येथें त्यानें चित्रें घेतलीं. त्यांतील सिकंदरबागेचें चित्र सत्तावनच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत वाचकांनीं पाहिलें असेल. गोळ्यांनीं छिन्नविच्छिन्न झालेली इमारत, पुढें अंगणांत इतस्ततः पसरलेल्या मानवी अस्थि, आणि मागें उभीं असलेलीं कांहीं माणसें. चित्राखालील शीर्षकांत नोव्हेंबर १८५७ मधील सर कॉलिन कॅम्पबेल यांचा हल्ला व दोन हजार बंडवाल्यांची कत्तल यांचा निर्देश आहे.

शीर्षक वाचून चित्र नोव्हेंबर १८५७ चें आहे असें मानणाऱ्यांची फसगत होते. पोथ्या चाळणारांस या फसगतीची ओळख आहे. लेखकू मूळ पोथीची पुष्पिका तिच्यांतील शकासकट उतरवून घेतो, आणि मग दोनशें वर्षांनंतरची प्रत आपण दोनशें वर्षें जुनी समजतों. बिआतोच्या शीर्षकांतील काल हा प्रसंगाचा आहे, चित्राचा नव्हे. दोहोंत कित्येक महिन्यांचें अंतर आहे. मग अस्थि तेथें कशा ? सर जॉर्ज कॅम्पबेल यांनीं आपल्या आठवणींत असें नमूद केलें आहे कीं, प्रेतें झांकून टाकण्यांत आलीं होतीं, परंतु छायाचित्रकारानें आग्रह धरून तीं चित्रासाठीं उघडीं करविलीं.

येथें माझें मत फेंटनच्या बाबतींतल्याहून वेगळें आहे. फेंटनच्या वाटेवर लोखंडी गोळे सरकले. बिआतोच्या अंगणांत माणसांचीं हाडें मांडलीं गेलीं. कत्तल खरी होती, अस्थि खऱ्या होत्या, आणि तरीही चित्र जेत्याच्या वाणीनें बोलतें. मृतांचा संस्कार थांबवून त्यांस देखाव्याचें सामान करणें हा अधिकार विजेत्यासच मिळूं शकतो. चित्राची मांडणी कुशल आहे हें मान्य करूनही, ती कुशलता कोणाच्या सेवेस लागली हें विचारल्यावांचून टीकाकारास पुढें जातां येत नाहीं. तथापि हें चित्र आपण फेकून द्यावें असें नव्हे. सिकंदरबागेंत काय घडलें याचा तो साक्षीदार कच्चा आहे. पण त्या वर्षीं विजेत्यांस काय पाहावयाचें होतें याचा तो अस्सल साक्षीदार आहे. बनावट सनदही, ती केव्हां व कोणीं बनविली हें कळल्यास, उत्तम ऐतिहासिक साधन ठरते.

(५)

प्रक्षेपाचा जुळा भाऊ म्हणजे लोप. पोथींत चुकलेलें अक्षर घालविण्यासाठीं लेखकू त्यावर पिवळा हरताळ लावीत; ‘हरताळ फांसणें’ हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच आला. छायाचित्रांतील सर्वांत प्रसिद्ध हरताळ एका आंगठ्यावर बसला आहे.

१९३६ च्या मार्चमध्यें अमेरिकन सरकारच्या एका खात्यासाठीं काम करणारी डोरोथिया लँग ही कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबली. पीक गारठ्यानें गेलेलें, मजूर उपाशी. तेथें राहुटींत बसलेल्या एका आईचीं व तिच्या मुलांचीं तिनें थोड्याच वेळांत अनेक चित्रें घेतलीं. आरंभीचीं लांबून आहेत. त्यांत राहुटी, सामान, एक मोठी मुलगी असें सर्व दिसतें. पुढें पुढें ती जवळ सरकत गेली. शेवटीं आईचा चेहरा, गालाशीं टेकलेला हात, आणि दोहों बाजूंस पाठ फिरवून आईच्या खांद्यांत तोंड लपविलेलीं दोन मुलें, एवढेंच राहिलें. त्या वर्षाचें सारें दैन्य या एका चित्रांत गोळा झालें. अलंकारशास्त्रांत ज्यास व्यंग्य म्हणतात, तें येथें आहे; भूक हा शब्द कोठेंही उच्चारलेला नाहीं.

या चित्राच्या उजव्या कोपऱ्यांत, राहुटीचा खांब धरलेल्या एका हाताचा आंगठा आला होता. लँगला तो खटके. कांहीं वर्षांनीं तिनें निगेटिव्हवरच काम करवून तो पुसविला. तिच्या खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांस हें मुळींच आवडलें नाहीं. दोघांचा वाद मला अत्यंत उद्बोधक वाटतो, कारण दोघेही बरोबर होते. चित्र म्हणून आंगठा नको होता. दस्तऐवज म्हणून तो हवा होता.

संग्राहकांनीं यांतील एक बारकावा लक्षांत घ्यावा. सामान्यतः मातृका ही उताऱ्यापेक्षां अधिक विश्वसनीय, असा आपला समज असतो. येथें मातृकाच बदलली. त्यामुळें आंगठा पुसण्यापूर्वीं काढलेले जुने छाप हे आजच्या निगेटिव्हपेक्षां मूळ पाठास अधिक जवळचे ठरतात. ‘निगेटिव्ह आहे ना, मग छाप कशाला ?’ असें म्हणून जुने छाप निकालांत काढणाऱ्यांनीं हें उदाहरण आपल्या कपाटावर लिहून ठेवावें.

आणखी एक लोप आहे, तो आंगठ्याहून मोठा. लँगनें त्या स्त्रीचें नांव विचारलें नव्हतें. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती जगभर केवळ ‘आई’ म्हणून ओळखली गेली. १९७८ सालीं ती स्वतः वृत्तपत्रांतून प्रकट झाली, तेव्हां त्या चित्रापासून आपणांस कांहींच लाभ झाला नाहीं, ही तिची तक्रार होती. चित्राच्या पुष्पिकेंत चित्रकर्त्रीचें नांव आहे, खात्याचें आहे, गांवाचें आहे. जिचें चित्र तिचें नाहीं.

(६)

शेवटचें उदाहरण तिथिनिर्णयाचें. ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) यानें न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्याजवळ चंद्रोदयाचें चित्र घेतलें. वर काळें आकाश, त्यांत जवळजवळ पूर्ण चंद्र, खालीं हिमशिखरांची व ढगांची पांढरी रेघ, आणि तळाशीं मावळत्या उन्हांत चमकणारे दफनभूमींतील क्रूस. प्रकाश मोजण्याचें यंत्र त्यास घाईंत सांपडेना. चंद्राचें तेज त्यास पाठ होतें, त्यावरून हिशेब करून त्यानें एक कांप उघडली. दुसरी घेण्याच्या आंत क्रूसांवरील ऊन गेलें. म्हणजे मातृका एकच.

ॲडम्स तरुणपणीं पियानोवादक होण्याची तयारी करीत होता. निगेटिव्ह ही स्वरलिपि व छाप हें तिचें वादन, अशी त्याची धारणा असे. आपण म्हणूं, बंदिश एक, गायन दर वेळीं निराळें. या चित्राचे त्यानें पुढील अनेक वर्षांत शेंकडों छाप काढले. आरंभींच्या छापांत आकाश करडें आहे व त्यांत फिकट ढग दिसतात; पुढें आकाश काळें होत होत शेवटीं जवळजवळ कोळशासारखें झालें. मध्यंतरीं १९४८ मध्यें निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक संस्कारही त्यानें केला. एकाच कवीनें आपली कविता आयुष्यभर सुधारीत जावें, तसा हा प्रकार आहे. येथें अखेरचा पाठ प्रमाण कीं आरंभींचा ? माझें उत्तर असें कीं, ॲडम्सची कला पाहणारानें अखेरचा घ्यावा व त्या संध्याकाळचें आकाश शोधणारानें आरंभींचा घ्यावा. आणि संग्राहकानें दोन्ही जपावे.

गंमत अशी कीं, हें चित्र केव्हांचें हें ॲडम्सलाच आठवेना. त्यानें १९४० पासून १९४४ पर्यंत निरनिराळीं सालें दिलीं. अखेर हा प्रश्न ज्योतिषानें सोडविला. शिखरांवरील चंद्राची उंची व दिशा यांवरून डेव्हिड एल्मोर यांनीं गणित करून ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस काढला. पुढें डेनिस दि चिको यांनीं कॅमेऱ्याची जागा अधिक काटेकोरपणें ठरवून १९९१ सालीं तो दुरुस्त केला : १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटें. तिथि, वार व नक्षत्र यांचा मेळ घालून शिलालेखांचा काल ठरविणाऱ्या आपल्या मंडळींस हें वाचून समाधान वाटल्याशिवाय राहणार नाहीं. कर्त्याची स्मृति चुकली. चंद्र चुकला नाहीं. कर्त्यानें आकाश कितीही काळें केलें, तरी चंद्र त्यानें जागेवरून हलविला नव्हता, म्हणून हें शक्य झालें. कलावंतानें काय बदललें व काय बदललें नाहीं, हें ओळखणें म्हणजेच चिकित्सा.

(७)

येथपर्यंत दुसऱ्यांच्या कृतींची झडती घेतली. आतां स्वतःची घेणें प्राप्त आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका परिचितांच्या वाड्यांतील दप्तर पाहण्यासाठीं मला बोलावणें आलें. कागदांच्या पेटींत मुंजीच्या वेळीं चौकांत घेतलेलीं घरच्या मंडळींचीं दोन छायाचित्रें होतीं. पुठ्ठ्यावर साल लिहिलेलें होतें : १९०९. एकांत सर्व मंडळी स्थिर व स्पष्ट होती. दुसऱ्यांत बटूनें मान हालविल्यामुळें त्याचा चेहरा पुसट झाला होता, आणि मागचें माजघराचें दार अर्धवट उघडें राहून त्यांत कांहीं काळें दिसत होतें. मीं विचारपूस न करतां सांगितलें, ‘चांगलें तें ठेवा, खराब झालेलें ठेवून काय करावयाचें?’ माझ्या शब्दास त्या घरांत मान होता. पुसट चित्र त्या दिवशींच्या रद्दींत गेलें.

कांचेस तांबडा रंग काळा दिसतो, ही गोष्ट मला पुढें कित्येक वर्षांनीं कळली. त्याच सुमारास त्या घराण्याची वंशावळ जुळवितांना एका बालविधवा आत्याचा प्रश्न निघाला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती माहेरीं परतली कीं नाहीं, कोठें राहिली, केव्हांपर्यंत जगली, याची कागदांत एक ओळही नाहीं. तेव्हां मला तें दार आठवलें. दारांतील काळें तें छाया नव्हती, काळें लुगडेंही नव्हतें. उंचीवरून, डोक्यावरून पुढें ओढलेल्या पदराच्या वळणावरून, तें तांबड्या अलवणांतील कोणी बाई असावी असें आज मला वाटतें. शुभकार्याच्या चित्रांत तिला बसूं दिलें नसेल. ती दाराआड उभी राहिली असेल. चांगल्या चित्रांत तें दार बंद आहे.

मला वाटतें, एवढेंच मी म्हणूं शकतों. माझी स्मृति हें प्रमाण नव्हे, ॲडम्सचीही नव्हती. प्रमाण होतें तें मीं रद्दींत घालविलें. ज्या मनुष्यानें आयुष्यभर विद्यार्थ्यांस पाठभेद जपावयास शिकविले, त्यानें हें केलें; कारण त्याच्या मतें पोथीस पाठ असतात, फोटोस नसतात.

म्हणून संग्राहकबंधूंस माझी विनंति आहे. एकाच प्रसंगाचीं दोन चित्रें सांपडलीं तर दोन्ही ठेवावीं, आणि पुसट तें आधीं पाहावें. पुठ्ठा कापूं नये, मागील अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. प्रसंगाचा काल व चित्राचा काल हे निरनिराळ्या रकान्यांत लिहावे. कांच व छाप दोन्ही असल्यास एकीच्या भरंवशावर दुसरी टाकूं नये. संगणकावर प्रतिकृति घेतांना डाग, कडा व आंगठे पुसूं नयेत. आणि चित्रांतील प्रत्येक व्यक्तीचें नांव, ती दाराआड असली तरीही, सांगणारें माणूस हयात आहे तोंवर विचारून ठेवावें. न घडलेल्या प्रसंगांचीं हुबेहूब चित्रें यंत्राकडून क्षणांत करून घेण्याचे हे दिवस आहेत. अशा वेळीं जुन्या चित्राची खरी परंपरा सांगतां येणें, हेंच त्याचें मोल ठरणार आहे.

फेंटन, लँग, ॲडम्स यांच्या कृति कला आहेत यांत शंका नाहीं. परंतु कला कोठें संपते व वस्तु कोठें सुरू होते, हें जर आज आपण सांगूं शकतों, तर तें कोणीं तरी मोकळ्या वाटेचें चित्र, आंगठा असलेला छाप आणि फिकट आकाशाची प्रत टाकून दिली नाहीं म्हणून. तेवढी सावधगिरी आपल्या घरच्या पेट्यांच्या वांट्यास यावी, इतकीच इच्छा. इत्यलम्.